तोटा कोणाच्या वाट्याला

बँकिंग कायद्याच्या पहिल्या तासाला मी मुलांना पुस्तक उघडू देत नाही. आदल्या आठवड्यातल्या मराठी वर्तमानपत्रांची आतली पानं त्यांच्या हातात देते. त्या पानांवर बारीक टायपातल्या चौकटी असतात. ‘ज्याअर्थी, निम्नस्वाक्षरीकार हे बँकेचे प्राधिकृत अधिकारी असून...’ अशी त्यांची सुरुवात. मग कर्जदार, सहकर्जदार म्हणून बहुतेक वेळा त्याची बायको, खाली जामीनदार, थकलेली रक्कम, आणि शेवटी मिळकतीचं वर्णन: फ्लॅट नंबर, गट नंबर, क्षेत्रफळ, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याची मिळकत. नावं मी आधीच खोडून ठेवते. वर्गात साठेक मुलं असतात, त्यांतल्या कुणाच्या तरी घरची चौकट तीच असू शकते.

ही चौकट वर्तमानपत्रात का येते? तारण मालमत्तेचा ताबा घेतल्यावर सात दिवसांच्या आत दोन प्रमुख वर्तमानपत्रांत सूचना द्यावी आणि त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं असावं, असं नियमच सांगतो, म्हणून. तोच कागद दारावरही चिकटवायचा. ‘सांकेतिक कब्जा’ असं लिहिलेलं असेल तर घरात माणसं अजून राहत असतात, स्वयंपाक होत असतो, मुलं शाळेत जात असतात, आणि कायद्याच्या दृष्टीने घर बँकेच्या ताब्यात गेलेलं असतं. मी मुलांना विचारते, या माणसाच्या हातात आज काय उरलंय ते मला कलमांसकट सांगा.

उत्तर शोधायला त्यांना दोनेक तास लागतात. कोर्टात न जाता तारणाचा ताबा घेऊ देणारा २००२ चा कायदा, ज्याला कोर्टापासून सोसायटीच्या कट्ट्यापर्यंत सगळे ‘सरफेसी’ म्हणतात, त्याच्या कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस या माणसाला येऊन गेलेली असते. तिला लेखी हरकत घेता येत होती आणि बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागलं असतं. ती वेळ बहुधा निघून गेलेली असते. आता कलम १७ खाली पंचेचाळीस दिवसांत डीआरटीकडे, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येईल. जमीन शेतीची असेल तर हा कायदा तिला मुळात लागूच नाही. इतकं सगळं त्या दोन इंचांच्या चौकटीत दडलेलं आहे हे कळल्यावर मुलं पुढे वर्षभर ती पानं आपणहून वाचतात.

या विषयात मी ठरवून आले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका बँकेच्या विधी विभागात मी नोकरीला होते. दावे दाखल करायचे, हुकूमनामे मिळवायचे आणि मग दरखास्तीच्या, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या मागे वर्षानुवर्षं फिरायचं, असं ते काम होतं. दावा जिंकणं सोपं होतं, पैसे वसूल होणं फार अवघड. बेलीफ पत्त्यावर जायचा आणि ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा मारून यायचा. हुकूमनाम्यांच्या फायलींनी कपाटं भरलेली होती. वसुली इतकी का अडते आणि अडलेली बरी की वाईट, हे दोन प्रश्न मला तिथेच पडले. नोकरी करता करता एलएल.एम. झालं, मग शिकवायला लागले. पीएच.डी.साठी विषय घेतला तो बंद पडलेल्या कंपनीत कामगारांच्या देण्यांचा हक्क आणि बँकेच्या तारणाचा हक्क यांच्यातल्या झगड्याचा. तेव्हा हुशार मुलांनी संविधान घ्यावं, वक्तृत्व असलेल्यांनी फौजदारी घ्यावं, असा एक अलिखित दंडक होता. कर्ज, तारण, दिवाळखोरी हा हिशेबनिसांचा प्रांत मानला जाई. मला तो तसा कधीच वाटला नाही. पैसे सगळ्यांना पुरत नाहीत हे उघड झालं की समाज कोणाला आधी वाचवतो आणि कोणाला रांगेत मागे ठेवतो, ते या कायद्यात लेखी सापडतं. एवढं स्पष्ट ते दुसऱ्या कुठल्या कायद्यात मला दिसलेलं नाही.

आणि महाराष्ट्रात हा विषय शिकवायचा तर सुरुवात सुप्यापासून करावी लागते. पुणे जिल्ह्यातलं सुपे. १२ मे १८७५ ला तिथल्या बाजारात आसपासचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कागद: कर्जरोखे, खतं, वह्या. मिळाले ते बाहेर आणून त्यांनी जाळले. ते लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरलं. माणसांना इजा त्या मानाने कमी झाली, रोष कागदांवर होता. मागची पन्नास वर्षं जमीनमहसूल रोखीत भरावा लागत होता, अमेरिकेतल्या यादवी युद्धात चढलेला कापसाचा भाव ते युद्ध संपल्यावर कोसळला होता, आणि सावकाराच्या हातात आता दिवाणी कोर्ट आलेलं होतं. गावकीत जो सावकार थोडं सबुरीने घ्यायचा, तो कोर्टातून हुकूमनामा आणून जमीन लिहून घेऊ शकत होता. अंगठा दिलेल्या कागदावर मुद्दल किती आणि चढलेलं व्याज किती, हे कोर्ट विचारत नसे. सहीचा कागद समोर असला की हुकूमनामा मिळे.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी दिलासा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे. या कायद्याने न्यायाधीशाला सांगितलं की रोखा समोर आला तरी त्याच्या मागे जा, व्यवहार सुरू कसा झाला ते पाहा, हिशेब उघडून पुन्हा मांडा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही, असंही त्यात होतं. या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून महादेव गोविंद रानडे यांनी काम केलं. खालच्या कोर्टांचे निकाल तपासत त्यांनी या जिल्ह्यांत दौरे केले. अर्थशास्त्रज्ञ रानडे आणि न्यायाधीश रानडे यांना वेगवेगळं वाचायची आपल्याला सवय आहे. मला मात्र ते दोघे या कामात एकत्र भेटतात. शेतीला भांडवल लागतं, कर्ज मिळायलाच हवं, आणि कर्जाने माणूस संपताही कामा नये. या तिन्ही गोष्टी एकदम सांभाळायच्या म्हणजे किती बारीक काम आहे, हे त्यांनी आर्थिक लेखनात मांडलं आणि खटल्यांच्या कागदांत रोज अनुभवलं.

त्याच विचाराचा एक अंश आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, १९०८ च्या, अजून जिवंत आहे. कलम ६०. कर्जदाराच्या कुठल्या वस्तू जप्त करता येणार नाहीत, त्यांची यादी. हे कलम मी वर्गात मोठ्याने वाचून घेते. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण; कारागिराची हत्यारं; शेतकऱ्याची अवजारं, पोटापुरती गुरं आणि बियाणं; आणि धर्माच्या रूढीप्रमाणे कोणत्याही स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. इथे वर्गात कुणीतरी हमखास म्हणतं, “म्हणजे मंगळसूत्र!” हो, मंगळसूत्र. तेव्हाच्या कायदा करणाऱ्यांनी बेलीफ घरात शिरल्यावर काय काय होऊ शकतं याचा विचार केलेला होता. नोकरदाराच्या पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांशही याच कलमाने वाचतात. ते हजार रुपये १९९९ च्या दुरुस्तीतले आहेत. हजार रुपयांत आज काय येतं, यावर मुलंच पुढे बोलतात, मला बोलावं लागत नाही.

त्यानंतर मी त्यांना १९८० चा जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन हा निकाल देते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा. देणं फेडायची ऐपतच नाही म्हणून माणसाला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून बदनीयतीने टाळत असेल तरच, असं त्यात ठरलं. माझ्या विषयाचा सगळा कणा या एका फरकात आहे. देऊ शकत नाही तो एक माणूस आणि देत नाही तो दुसरा. कायद्याला आणि बँकेच्या वसुली अधिकाऱ्याला हे दोघे कागदावर सारखेच दिसतात, कारण दोघांचंही खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत गेलेलं असतं. त्यांना वेगळं ओळखायची यंत्रणा उभी करणं हे दिवाळखोरी कायद्याचं काम, आणि ते आपल्याकडे कितपत झालं हे मी गेली अनेक वर्षं तपासत आले आहे.

कंपन्यांच्या बाबतीत फार उशिरा का होईना, झालं. ती गोष्ट सांगायची तर गिरणगावातूनच जावं लागतं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात होते. त्याआधीपासूनच गिरण्या आजारी होत्या. आजारी उद्योगांसाठी १९८५ मध्ये कायदा झाला, त्याचं मंडळ म्हणजे बीआयएफआर. विचार चांगला होता: कंपनीची सगळी पुंजी खलास झाली की तिने मंडळाकडे यावं, मंडळाने पुनरुज्जीवनाची योजना करावी, आणि तोवर कलम २२ ने कोणाही देणेकऱ्याला, म्हणजे ज्याचं येणं आहे त्याला, तिच्यावर कारवाई करता येऊ नये. झालं असं की ते कलम २२ ढाल बनलं. मंडळाकडे प्रकरण गेलं की वसुली थांबे, संचालक तेच राहत, यंत्रं गंजत, जमिनीची किंमत वाढत राही, आणि कामगार थकबाकीसाठी फेऱ्या घालत राहत. माझ्या पीएच.डी.च्या काळात मी त्या फायली वाचल्या. एकेका गिरणीच्या फायलीत योजनेवर योजना, आणि तारखांमध्ये वर्षांचं अंतर.

त्याच १९८५ मध्ये कंपनी कायद्यात कलम ५२९-अ घालून कामगारांच्या देण्याला तारणधारक बँकेच्या बरोबरीचं स्थान दिलं गेलं. कामगाराकडे घामाशिवाय दुसरं तारण नसतं, म्हणून कायद्यानेच त्याला तारणधारकाच्या शेजारी बसवलं. भारतीय कंपनी कायद्यातली ही सर्वांत न्याय्य दुरुस्ती आहे असं माझं मत तेव्हा होतं आणि आजही आहे.

मधल्या काळात बँकांनी स्वतःपुरता रस्ता काढला. १९९३ मध्ये डीआरटी आली, २००२ मध्ये सरफेसी. कोर्टात न जाता तारणाचा ताबा घ्यायचा अधिकार बँकांना मिळाला, आणि त्याविरुद्ध दाद मागायची तर कर्जदाराने मागणीच्या पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरावी अशी अट होती. २००४ च्या मार्डिया केमिकल्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बाकी कायदा टिकवला आणि ही अट तेवढी रद्द केली. घर गेलेल्या माणसाने पंचाहत्तर टक्के आणायचे कुठून, हा साधा प्रश्न शेवटी ऐकला गेला.

मग आली २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता, आयबीसी. टी. के. विश्वनाथन समितीचा अहवाल नोव्हेंबर २०१५ मधला, राष्ट्रपतींची सही २८ मे २०१६ ची. एवढ्या मोठ्या कायद्यासाठी ही गती विलक्षण होती. आणि या संहितेखालचा पहिला मोठा निकाल पुण्याच्या कंपनीचा निघाला. इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज विरुद्ध आयसीआयसीआय बँक.

हा निकाल मी दरवर्षी पूर्ण शिकवते, एक परिच्छेदही न गाळता. डिसेंबर २०१६ मध्ये, संहितेची संबंधित कलमं लागू झाल्या झाल्या, बँकेने मुंबईच्या एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, कंपनीविरुद्ध कलम ७ खाली नादारीचा अर्ज केला. कंपनीचं म्हणणं असं की महाराष्ट्र सरकारने आम्हाला १९५८ च्या राज्य कायद्याखाली ‘दिलासा उपक्रम’ म्हणून जाहीर केलंय, त्यामुळे आमची देणी तूर्त स्थगित आहेत. जे देणं आज द्यायचंच नाही, ते थकलं कसं म्हणता? युक्तिवाद हुशारीचा होता. तो १९५८ चा कायदाही आपल्या इतिहासातून आलेला: कारखाना बंद पडला की बेकारी होते, तेव्हा सरकारने मध्ये पडून देणी थोपवायची आणि चाकं चालू ठेवायची. एनसीएलटीने जानेवारी २०१७ मध्ये अर्ज दाखल करून घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३१ ऑगस्ट २०१७ ला न्यायमूर्ती रोहिंटन नरीमन यांनी निकाल दिला. देणं थकलं आहे आणि अर्ज पूर्ण आहे एवढंच एनसीएलटीने पाहायचं; राज्याचा कायदा संहितेच्या आड येत असेल तर तो बाजूला राहील; आणि एकदा अर्ज दाखल करून घेतला की जुन्या संचालकांना कंपनीच्या नावाने अपीलही करता येणार नाही, कारण कंपनीचा कारभार आता त्यांच्याकडे नाही.

निकाल आला त्या आठवड्यात मी ठरलेला अभ्यासक्रम बाजूला ठेवून तो वर्गात घेतला. बीआयएफआरच्या फायली ज्याने वाचल्यात त्यालाच कळेल की हे किती मोठं वळण होतं. कंपनी कर्जात बुडाली तरी मालक मालकच राहतो, ही आपल्याकडची पक्की समजूत त्या दिवशी मोडली. एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग तिथले कामगार?” ती कंपनी पुढे लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली. त्या मुलीचा प्रश्न योग्य होता, आणि त्याचं उत्तर कलम ५३ मध्ये आहे.

कलम ५३ म्हणजे पैसे वाटपाची उतरंड. मी वर्गाचे गट पाडते. एक गट बँक, एक कामगार, एक माल पुरवणारा छोटा कारखानदार, एक सरकारी कर, एक भागधारक. मग फळ्यावर हिशेब मांडते. मालमत्ता विकून आले ४० कोटी. प्रक्रियेचा खर्च २ कोटी, तो सर्वांत आधी पूर्ण जातो. उरले ३८. तारणधारक बँकेचे येणे ६० कोटी, कामगारांचे शेवटच्या चोवीस महिन्यांचे येणे १० कोटी, दोघे एका पायरीवर. म्हणून ३८ कोटी ७० मध्ये वाटायचे: बँकेला साधारण ३२ कोटी ५७ लाख, कामगारांना ५ कोटी ४३ लाख. इथे पैसे संपतात. पुरवठादाराला शून्य, सरकारला शून्य, भागधारकाला शून्य. पुरवठादाराच्या गटातली मुलं दरवर्षी चिडतात. त्यांनी पाठवलेल्या नट-बोल्टांवर कारखाना चालला, बिलं नव्वद दिवस थकली, आणि त्यांचा नंबर लागायच्या आत तिजोरी रिकामी.

मग त्यांना मी एस्सार स्टील या कर्जात बुडालेल्या पोलाद कंपनीचा निकाल वाचायला देते. अपील न्यायाधिकरणाने जुलै २०१९ मध्ये बँका आणि पुरवठादार सगळ्यांना सारखंच, येण्याच्या ६०.७ टक्के द्यावं असं म्हटलं होतं. १५ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं: समान स्थितीत नसलेल्यांना समान वाटप करणं म्हणजे समानता नव्हे, आणि वाटप कसं करायचं हे देणेकऱ्यांच्या समितीने व्यावसायिक विवेकाने ठरवावं. त्या समितीत मत असतं ते वित्तीय देणेकऱ्यांना, म्हणजे मुख्यतः बँकांना, आणि ६६ टक्के मतांनी योजना मंजूर होते. पुरवठादारांचं येणं एकूण कर्जाच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर त्यांना बैठकीत बसायचाही हक्क नाही; जास्त असेल तर बसता येतं, मत देता येत नाही. कायदा म्हणून निकाल बरोबर आहे, हे मी वर्गात सांगते. आणि ज्याला खोलीतच प्रवेश नाही त्याच्या वाट्याचा विवेक दुसऱ्याने करायचा ही रचना मला पटत नाही, हेही त्याच वर्गात सांगते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण इथले कितीतरी छोटे कारखानदार एका मोठ्या गिऱ्हाइकावर जगतात. ते गिऱ्हाईक एनसीएलटीत गेलं की यांची बिलं दाव्याच्या फॉर्मवरचा एक आकडा होऊन राहतात.

मुंबईचं एनसीएलटी कफ परेडला एमटीएनएलच्या इमारतीत भरतं. दर तुकडी मी तिथे घेऊन जाते. छोट्याशा खोलीत वकिलांची दाटी असते आणि शेकडो कोटींची प्रकरणं पाच-पाच मिनिटांत पुढे सरकतात. जेट एअरवेजच्या सुनावण्यांना मागच्या बाजूला कर्मचारी उभे असत. त्या कंपनीची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली, जूनमध्ये प्रकरण इथे आलं, योजना मंजूर झाली, तिची अंमलबजावणी रखडली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने लिक्विडेशनचा आदेश दिला. साडेपाच वर्षं. संहितेत मुदत आहे ती खटल्यांसह ३३० दिवसांची. कामगारांच्या वकिलांनी त्यातून एक गोष्ट मात्र वसूल केली: भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे पैसे. त्यासाठी त्यांनी जे भांडण केलं ते मी मुलांना मुद्दाम तपशिलात सांगते. त्यांच्यातल्या अनेकांना पुढे बँकांच्या बाजूने नोकऱ्या मिळणार आहेत, आणि समोरच्या बाजूला कोण उभं असतं ते त्यांनी पाहिलेलं असावं.

बँकच बुडाली तर? हा प्रश्न वर्गापेक्षा मला नातेवाईक जास्त विचारतात. आयबीसी बँकांना लागू नाही. त्यांच्यासाठी वेगळा कायदा करायचा २०१७ मध्ये प्रयत्न झाला, पण ठेवीदारांच्या पैशातूनच बँक सावरायची तरतूद त्यात आहे हे कळल्यावर लोक घाबरले आणि २०१८ मध्ये ते विधेयक मागे घेतलं गेलं. त्यामुळे आजही रिझर्व्ह बँकेचे निर्बंध, विलीनीकरण आणि ठेव विमा एवढ्यावरच भिस्त आहे. ठेव विम्याचा जन्म आपल्या अकोल्याशी जोडलेला आहे. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यातून १९६१ चा ठेव विमा कायदा झाला. १९६२ मध्ये दीड हजार रुपयांपर्यंत संरक्षण होतं, १९९३ पासून एक लाख, आणि फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. एक लाखाचे पाच लाख व्हायला सत्तावीस वर्षं लागली. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील असं पहिल्यांदा ठरलं, आणि मुंबईत लोक शाखांबाहेर आणि रिझर्व्ह बँकेसमोर उभे राहिले. त्यानंतर मर्यादा वाढली. २०२१ च्या दुरुस्तीने विम्याचे पैसे नव्वद दिवसांत मिळण्याची सोय झाली. त्याआधी बँक रीतसर लिक्विडेशनमध्ये जाईपर्यंत वाट पाहावी लागे.

इथे एक गोष्ट मला जो भेटेल त्याला सांगावीशी वाटते. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. सहकारी बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. पाटीवर ‘सहकारी’ लिहिलंय म्हणून दोन्ही सारखंच समजून निवृत्तीचे पैसे एका टक्क्याच्या जास्त व्याजासाठी तिथे ठेवणारी माणसं मी आयुष्यभर पाहत आले. त्यांनी ठेव ठेवण्याआधी कुणीतरी हे एक वाक्य त्यांना सांगायला हवं होतं.

मोठ्या कंपनीसाठी कायदा उभा राहिला. ठेवीदारासाठी अर्धा का होईना, राहिला. साध्या कर्जदारासाठी काय, हा माझ्या कामाचा सध्याचा भाग आहे आणि निवृत्तीआधी तो मला पुढे न्यायचा आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या विधी सहाय्य केंद्रात एक शिक्षक आले होते. सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेले. सहकारी वारला, हप्ते थांबले, पतसंस्थेने सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळवला आणि थेट यांच्यामागे लागली. “आधी त्यांच्या मालमत्तेवर का जात नाहीत?” असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. करार कायद्याचं कलम १२८ त्यांच्या बाजूने नाही. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, आणि देणेकरी कोणाकडे आधी जायचं ते स्वतः ठरवतो. त्यांना मी दुसरा मार्ग समजावला, नादारीचा अर्ज. पुण्यातल्या माणसासाठी तो आजही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात करावा लागतो. मुंबईत असते तर १९०९ चा कायदा आणि उच्च न्यायालय. त्यांना ते ऐकून नवल वाटलं. त्याच शहरातल्या बुडालेल्या कंपनीच्या संचालकाने तशीच जामीनकीची सही केली असेल, तर त्याच्यासाठी २०१६ च्या संहितेचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे: स्थगिती, परतफेडीची योजना, वेळापत्रक, सगळं. शिक्षकासाठी तोच भाग अजून लागू झालेला नाही.

त्या तिसऱ्या भागात ‘नवी सुरुवात’ नावाची एक प्रक्रिया लिहिलेली आहे. अगदी गरीब कर्जदाराची कर्जं माफ करून त्याला पाटी कोरी करून द्यायची. अट अशी की वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या वर नको, मालमत्ता वीस हजारांच्या वर नको, कर्ज पस्तीस हजारांच्या वर नको, आणि स्वतःचं घर नको, गहाण पडलेलंसुद्धा. सोबत न विकायच्या वस्तूंची यादीही आहे: हत्यारं, पुस्तकं, घरातलं सामान, आणि रूढीप्रमाणे अंगावेगळे न होणारे दागिने, एका मर्यादेपर्यंत. १९०८ ची ती यादी एका शतकानंतर पुन्हा लिहिली गेली हे पाहून मला फार बरं वाटलं होतं. पण लिहून झाल्यावर ती तशीच ठेवली आहे. बचतगट आणि मायक्रोफायनान्सच्या चार-पाच कर्जांत अडकलेल्या बाया, ज्यांच्या दारात दर आठवड्याला वसुलीवाला येतो, त्यांच्यासाठी नेमकी ही प्रक्रिया होती.

माझे दोन संशोधक विद्यार्थी आणि मी यावर एक टिपण तयार करतो आहोत. सोलापूर आणि बीड जिल्ह्यांतल्या गावांत विद्यार्थी कर्जांचे कागद पाहून आले. त्यावरून आमच्या तीन मागण्या ठरल्या आहेत. एक, तिसरा भाग सर्वांसाठी लागू करावा. दोन, उत्पन्नाची आणि कर्जाची मर्यादा आजच्या जगण्याच्या खर्चाला धरून ठरवावी, आणि महागाईबरोबर ती आपोआप वाढावी, कलम ६० च्या त्या हजार रुपयांसारखी पडून राहू नये. तिसरी मागणी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. संहितेप्रमाणे हे अर्ज डीआरटीकडे करायचे आहेत. महाराष्ट्रात डीआरटी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, आणि तिथलं कामकाज इंग्रजीत चालतं. पस्तीस हजारांच्या कर्जासाठी गडचिरोलीच्या बाईने नागपूरला वकील करायचा, हे होणार नाही. म्हणून अर्ज तालुक्याच्या ठिकाणी, दिवाणी न्यायालयात घेतला जावा, तो मराठीत भरता यावा आणि वकिलाशिवाय दाखल करता यावा, असं आम्ही लिहिलं आहे. नमुना अर्जही सोबत जोडतो आहोत, दोन पानांचा.